बाटलीवरचं नाव एकच, पण एन्झाइम कुणाचं?
(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दिलेलं भाषण)



फराळ झाल्या झाल्या मला साखरेवर बोलायला उभं केलंय, हा कार्यकारिणीचा खट्याळपणाच! पण तिखट चकलीचीसुद्धा पोटात साखरच होते. भाजणीतल्या स्टार्चचे लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज लहान तुकडे करतं. त्या तुकड्यांचं ग्लुकोज करण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरची दोन एन्झाइम्स (शाळेतलं 'विकर' आठवा) करतात: माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि त्याचं भावंड सुक्रेज-आयसोमाल्टेज. लाडवातली साखर हे भावंडच फोडतं. मधुमेहावरची अकार्बोज आणि भारतात बऱ्याच जणांना मिळणारी वोग्लिबोज ही औषधं या दोघांना अडवतात, म्हणून जेवणानंतरची साखर हळू चढते.

आता एखाद्या वनस्पतीचा अर्क असं काम करतो का, हे तपासायचंय. माणसाचं आतडं कुठून आणणार? मग पुष्कळ प्रयोगशाळा यीस्टचं स्वतःचं एन्झाइम विकत आणतात. बाटलीवर नाव तेच, अल्फा-ग्लुकोसिडेज. पण शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत आपलं एन्झाइम ३१व्या कुळातलं आणि यीस्टचं १३व्या. आडनावबंधू म्हणा हवं तर, नातं काही नाही! जे अकार्बोज आपल्या आतड्यात चालतं, त्याला यीस्टचं एन्झाइम फारशी दाद देत नाही. मग यीस्टच्या एन्झाइमला रोखणारा अर्क आपल्याला उपयोगी पडेलच, हे कशावरून? म्हणून 'प्रयोगशाळेत सिद्ध' अशी जाहिरात दिसली की मी पहिल्यांदा विचारते, एन्झाइम कुणाचं?

याहून चांगला मार्ग म्हणजे माणसाचं जनुकच यीस्टमध्ये घालायचं. पिकिया नावाचं यीस्ट मिथेनॉलवर वाढतं. मिथेनॉलने सुरू होणाऱ्या 'स्विच'ला आपलं जनुक जोडलं, की ते आपलं एन्झाइम बनवायला लागतं. शिवाय माल्टेज-ग्लुकोअमायलेजचे कामकरी भाग दोन. ते असे वेगवेगळे बनवून तपासता येतात. आतड्यात सगळंच एकत्र, तिथे कोण काय करतं ते कळत नाही. अस्तरापासून दूरचा भाग लांब साखळ्या तोडण्यात तरबेज निघाला, आणि अकार्बोज त्यालाच कितीतरी जास्त घट्ट पकडतं.

घरी उपयोगी पडेल असं एक सांगते. ही गोळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या औषधाबरोबर घेणाऱ्याची साखर एकदम उतरली, तर आपण घाईघाईने साखरेचं पाणी नाहीतर लाडू देतो. पण साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं, त्यामुळे त्याचा गुण लवकर येत नाही. अशा वेळी ग्लुकोजच द्यायचं, गोळ्या किंवा पावडर. पर्समध्ये ठेवाच.