नव्या वर्षीं शाळेंत आलेल्या मायबापांस

मायबापहो, जून लागला, पेरणीची घाई आहे. तरी लेकरांचा हात धरून आपण या मिशनच्या शाळेंत आलांत, हें मोठें काम केलेंत.

पोर बाटेल, अशी कुणास धास्ती असेल. त्यांनीं ऐकावें: जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले आणि १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली. शिवाय, राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें सरकारमान्य शाळेंत तुमच्या संमतीवांचून पोरास धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं.

खरी धास्ती निराळी आहे. खुरपणी आली कीं पोरगी घरीं राहते. भात्यापाशीं हात कमी पडला कीं पोरगा. चार दिवसांचे चार महिने होतात आणि शाळा सुटते ती कायमची.

एवढें वचन द्या: पोर रोज पाठवूं. शिकविण्याचा भार माझेवर.