शनिवारचा गैरहजर



आज आपल्या तुकडीतल्या एका गैरहजर विद्यार्थ्याबद्दल बोलतो. ‘नाव घेऊ नकोस’ अशी त्याची अट आहे. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेला जो कधी यायचा नाही आणि सोमवारी आपल्या वह्या उतरवून घ्यायचा तो, म्हटलं की कळेलच.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून अलिबागकडे त्याच्या समाजाला शनवार तेली म्हणत. बेने इस्रायल हे नाव आपल्याला पुढे कळलं.

अकरावीनंतर, १९६३ साली तो आईवडिलांबरोबर इस्रायलला गेला. वाळवंटातल्या दिमोना गावी घर मिळालं. पण बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा, असा तिथल्या मुख्य धर्मपीठाचा आदेश होता. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांनी तिथे आपण यहुदी असल्याचं सिद्ध करायचं! १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला निदर्शनं झाली, त्यांत हाही होता. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, मग आदेश बदलला. याविषयी तो फार बोलत नाही. माझ्या मते त्याच्या पुढच्या धडपडीचं मूळ तिथेच आहे.

काही वर्षं कापड गिरणीत काढून त्याने किराणा दुकान टाकलं. पोहे, गूळ, कोकम, मसाले. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला पोहे लागतातच, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं. पण हिब्रू न येणाऱ्या म्हाताऱ्या सामानाच्या यादीबरोबर बंद पाकिटंही आणू लागल्या. बिलं, सरकारी कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. हा वाचून दाखवायचा, अर्ज भरायचा. पुढे दुपारी दुकान बायकोवर सोपवून त्यांच्याबरोबर दवाखान्यातही जाऊ लागला. “कळ, ठणका, आग, मुरडा यांतला फरक डॉक्टरला हिब्रूत सांगता सांगता माझं मराठी सुधारलं,” असं त्याने मला लिहिलंय. (मराठीच्या बाईंनी हे ऐकावं!) या कामाचा पैसा त्याने कधी घेतला नाही. उधारी मात्र चोख वसूल करतो, त्यात म्हातारीलाही सूट नाही.

आता त्याला दुकानात एक कपाट मराठी पुस्तकांचं करायचं आहे. टाइप मोठा हवा, कारण वाचणाऱ्यांची नजर अधू झाली आहे. त्याचा भाचा सध्या इथे आला आहे आणि पुढच्या आठवड्यात परत जातोय. दहा किलोपर्यंत नेईन म्हणतो. ज्यांना पुस्तकं द्यायची असतील त्यांनी जेवणानंतर मला भेटा.