धूर पुन्हा इंजिनात

इंजिनात जळलेला धूर बाहेर टाकायचा असतो, हे शाळकरी पोरही सांगेल. तोच धूर परत इंजिनाला पाजा, असं कुणी म्हणालं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. अमेरिकेत १९७३ च्या सुमाराच्या मोटारींत मात्र नेमकं हेच केलेलं होतं, आणि तेही कायद्याच्या धाकानं.

कारण होतं लॉस एंजेलिसच्या हवेत. तिथल्या तपकिरी धुरक्यानं लोकांचे डोळे चुरचुरत. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं की, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ यांवर ऊन पडलं की हे धुरकं बनतं. ही ऑक्साइडं येतात कुठून? पेट्रोलातून नव्हे, हवेतूनच! हवेतला नायट्रोजन एरवी मोठा शांत. पण सिलिंडरातली उष्णता १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की तो प्राणवायूशी सलगी करू लागतो.

मग ज्वाळेला जरा आवरा. त्यासाठी जळून चुकलेला धूरच बरा. तो स्वतः जळत नाही, नुसती जागा अडवतो आणि उष्णता शोषतो. शंभरात पाच ते पंधरा भाग पुरतात.

हा धूर सोडणाऱ्या झडपेवर एक पडदा आणि स्प्रिंग असते. कार्ब्युरेटरकडून एक बारीक नळी तिथं येते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबलात की नळीतून ओढ लागते, पडदा उचलला जातो, झडप उघडते. गाडी उभी असताना ओढ नाही. पाय पूर्ण दाबला तरी ओढ सरते. इंजिन गार असेल तर पाण्याच्या उष्णतेवर चालणारी एक कळ नळी अडवून धरते. सारं कसं बिनविजेचं!

काजळीनं झडप उघडी अडकली, तर उभ्या गाडीचं इंजिन धडपडतं, बंदही पडतं. म्हणून पुष्कळांनी नळीत बोळाच कोंबला. हा शहाणपणा महागात पडतो बरं का. ठिणगीची वेळ धूर गृहीत धरून बसवलेली असते; धूर तोडला की चढावर टकटक सुरू होते, आणि ती फार दिवस चालली तर दट्ट्या निकामी होतो.

त्यापेक्षा इंजिन उभ्यानं चालू ठेवून हातपंपानं पडद्याला ओढ द्या. इंजिन अडखळलं तर वाट मोकळी आहे. झडप हलूनही अडखळलं नाही, तर वाट काजळीनं बुजली आहे. ती खरवडून काढा.