लॅपटॉप घेण्यापूर्वी
१९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. परंतु नांदेड-लातूरच्या तरुणांची हैदराबादची वाट मोडली नाही. आज ती अमीरपेटेतील संगणक-वर्गांकडे जाते. लॅपटॉप घेण्यास असा तरुण सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये शिरतो, तेव्हा त्याच्या खिशात कित्येकदा वडिलांच्या एका हंगामाची कमाई असते. तेथील झगमगाटाने डोळे दिपतात. पण शिंगांचा रंग पाहून कोणी बैल घेत नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर एडिटर, ब्राउझर व डेटाबेस एकाच वेळी चालतात. हा भार रॅम पेलते. ती अपुरी पडली की काम रखडते. म्हणून १६ जीबी रॅम व ५१२ जीबी एसएसडी ही निर्धास्त निवड होय. पैसा तोकडा असल्यास ८ जीबीवर आरंभ करावा. मात्र पुढे रॅम वाढविता येईल ना, हे आधी विचारावे. अनेक सडपातळ यंत्रांत ती डाख देऊन कायमची बसविलेली असते. वेबसाइटचे काम शिकणाऱ्यास खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड नको. त्याने किंमत वाढते, वजनही वाढते.

शेवटी, दुकानातच कळफलकावर दहा ओळी लिहून पाहाव्यात. बोटांना पुढील काही वर्षे त्याच्याशीच संसार करावयाचा असतो.