चुकलेल्या उत्तराची नोंद
(जळगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



प्रॅक्टिकलला अपेक्षित आकडा आला नाही की आपण काय करतो? मागील वर्षीच्या जर्नलमधून तो उतरवतो आणि सरांची सही घेतो. आज मी अशा एका औषधाची हकीकत सांगणार आहे, जे न जमलेल्या उत्तरातूनच हाती आले.

त्याचे नाव प्लेरिक्साफोर. १९९० च्या सुमारास युरोपातील संशोधक एड्सच्या विषाणूवर औषध शोधत होते. एका रसायनाने विषाणू रोखला. पण तपासाअंती कळले की हा गुण मूळ रसायनाचा नसून त्यातील अशुद्ध अंशाचा आहे. त्यांनी नमुना फेकला नाही, तो अंशच वेगळा काढला. पुढे निरोगी स्वयंसेवकांना हे औषध दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या. हे कोणी शोधतच नव्हते! एड्सवर औषध चालले नाही. नोंद मात्र कामास आली.

हाडांच्या मगजात रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी असतात. सीएक्ससीएल-१२ नावाचे एक द्रव्य त्यांना तेथे धरून ठेवते. ते द्रव्य किल्ली, तर पेशीवरील सीएक्ससीआर-४ हे कुलूप समजा. प्लेरिक्साफोर कुलपात जाऊन बसते, किल्ली लागत नाही आणि पेशी रक्तात उतरतात. त्या काढून ठेवतात, रुग्णाला कॅन्सरच्या औषधाची जबर मात्रा देतात आणि मग पेशी शिरेतून परत देतात. आपल्या केळीवाल्या शेतकऱ्याला हे समजावयास नको. जुनी बाग मोडण्यापूर्वी तो चांगले मुनवे काढून ठेवतोच. रक्ताच्या दोन प्रकारच्या कॅन्सरसाठी या औषधाला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली.

२००१ साली आणखी एक गोष्ट दिसली. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरही हेच कुलूप असते आणि हे द्रव्य जेथे विपुल, त्या फुप्फुसाकडे, यकृताकडे, हाडांकडे त्या पसरतात. हा प्रसार रोखता येईल काय, यावर संशोधन चालू आहे. तो सिद्ध इलाज नव्हे. कोणी तसे सांगून पैसे मागितले तर फसू नका.

खानदेशातून कितीतरी रुग्ण रात्रीची गाडी धरून परळला टाटा रुग्णालयात जातात. तेथेच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले मगज-रोपण केले. बालपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीत बसून काम करीत.

पालकहो, मुलाचे किंवा मुलीचे उत्तर चुकले तर रागावू नका, "तुला काय दिसले?" एवढे विचारा. दहावीनंतर मुलीला विज्ञान घ्यावयाचे असेल तर अडवू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, जर्नलमध्ये दिसले तेच लिहा. एखाद्या रुग्णाचे आयुष्य त्या ओळीवर अवलंबून असू शकेल.