स्पर्धक म्हणजे शत्रू नव्हे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भाईंदर पूर्वेस आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यात आहेत. जन्मभर खडू झिजविलेल्या मजसारख्या शिक्षकाने त्यांच्यापुढे व्यापारातील डावांविषयी बोलावे, हे धाडसच होय. ते आपण गोड मानून घ्यावे.

माझे दोन विद्यार्थी, नात्याने चुलतभाऊ, एकाच गल्लीत कारखाने चालवीत. भाव उतरविता यावा म्हणून थोरल्याने पत्र्याचा गेज हलका केला. धाकट्याचे गिऱ्हाईक तुटले; त्याने त्याहूनही हलका पत्रा घातला. दोन वर्षांत व्यापारी दोघांचाही माल परत पाठवू लागले, आणि घरच्या लग्नात हे भाऊ एका पंक्तीस बसेनासे झाले.

यात मूर्ख कोणीच नव्हता. समजा, दोघांनी चोख माल दिला तर प्रत्येकास महिना २० हजार सुटतात. एकानेच लबाडी केली तर त्यास २८ हजार व दुसऱ्यास ५ हजार. दोघांनी केली तर ९-९ हजार. एकाच महिन्याचा हिशेब धरला, तर दुसरा काहीही करो, लबाडीच किफायतशीर दिसते. आणि दोघांनी तोच हिशेब केला की दोघेही बुडतात. १९४४ साली फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांच्या ग्रंथाने ज्या ‘गेम थिअरी’चा पाया घातला, तिच्यातील हा प्रसिद्ध पेच होय.

परंतु व्यापार एका महिन्याचा नसतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हाच पेच वारंवार सोडविण्याची स्पर्धा संगणकावर लावली. विद्वानांनी नाना कावे लढविले. दोन्ही वेळा जिंकली ती अनातोल रापोपोर्ट यांची साधी युक्ती. प्रथम सचोटीने वागावे; पुढे समोरच्याने मागील खेपेस जे केले तेच करावे. तो फसवील तर लागलीच जाब द्यावा. तो सुधारला की जुने उकरू नये.

आपल्या उत्तनकडे पाहा. पावसाळा हा मासळीच्या पैदाशीचा काळ. एकच होडी समुद्रात गेली तर तिची चंगळ. सगळ्या गेल्या तर पुढील हंगामी जाळी रिकामी. म्हणून यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस बंदी घालतात. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या सर्वांस दिसतात, त्यामुळे नियम मोडणारा लपत नाही. वचन टिकते ते असे, उघड्यावर.

मात्र सलोखा म्हणजे संगनमताने भाव चढविणे नव्हे. ती गिऱ्हाइकाची लूट होय. २००२ च्या स्पर्धा कायद्यानेही ती निषिद्ध आहे.

हे सारे मी त्या थोरल्यास सांगितले. त्याने प्रत्येक बिलावर गेज लिहावयास आरंभ केला. काही महिन्यांनी धाकट्याच्या बिलावरही गेज दिसू लागला. आजही ते एकमेकांचे स्पर्धकच आहेत. परंतु गेल्या लग्नसराईत दोघे एका पंक्तीस जेवले.