नोंदी कोणाच्या मालकीच्या?



ग्रंथालयासाठी मुक्तस्रोत प्रणाली घ्यावी की व्यावसायिक, ही चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा किमतीवर येऊन अडते. एक बाजू म्हणते, कोहा ही मुक्तस्रोत प्रणाली फुकट मिळते. दुसरी म्हणते, सर्व्हर, स्थलांतर आणि प्रशिक्षण धरले तर ते फुकट पुढे महागातच पडते. दोघांचेही हिशेब आपापल्या जागी बरोबर असतील, पण खर्च हा या निवडीचा मुख्य निकष नव्हे. प्रणाली दहा-पंधरा वर्षांनी बदलावीच लागते. तालिका मात्र त्यापुढेही टिकायची असते. दाखल नोंदवहीतली एकेक ओळ पिढ्यानपिढ्यांच्या ग्रंथपालांनी हाताने लिहिली आहे. ती संगणकात गेल्यावर तिच्यावर हक्क कोणाचा राहतो, हे आधी पाहावे आणि प्रणाली त्यावरून निवडावी, असे माझे म्हणणे आहे.

हे पाहताना ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांची गल्लत टाळायला हवी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळते, पण तिचा सोर्स कोड खुला नाही. सोल ही प्रणाली इन्फ्लिबनेट या सार्वजनिक संस्थेने घडवली, तरी तीही बंदच आहे. पुण्यात तयार झालेली स्लिम२१ व्यावसायिक आहे. हैदराबादची न्यूजेनलिब आधी व्यावसायिक होती आणि २००८ साली तिचा कोड खुला झाला. म्हणजे सरकारी-खासगी किंवा स्वस्त-महाग अशा जोड्यांनी इथे काहीच ठरत नाही.

कोहाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा जिल्ह्याच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे कोहाची सेवा देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने स्वतःची वेगळी आवृत्ती काढली, आणि नावाच्या व्यापारचिन्हावरूनही वाद पेटला. तरीही मूळ कोडवर काम करणारे लोक थांबले नाहीत आणि तो कोड सर्वांसाठी खुलाच राहिला. आता दुसरीकडे पाहा. अमेरिकेतल्या व्हीटीएलएस कंपनीची व्हर्चुआ ही प्रणाली वापरणारी ग्रंथालये २०१४ साली इनोव्हेटिव्हच्या, २०२० साली प्रोक्वेस्टच्या आणि २०२१ साली क्लॅरिव्हेटच्या हाताखाली गेली. सात वर्षांत तीन नवे मालक, आणि एकाही व्यवहारात ग्रंथपालाचे मत निर्णायक नव्हते. कंपनी वाईट असते असे मी म्हणत नाही. चांगली कंपनीसुद्धा विकली जाते, एवढेच माझे म्हणणे.

मराठी ग्रंथालयांसाठी हा हक्क थेट भाषेशी जोडलेला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. ‘अ‍ॅडव्होकेट’ या शब्दातले पहिले अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते: २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झालेला स्वतंत्र ‘ॲ’, किंवा साध्या ‘अ’ला जोडलेला चंद्र. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चेही तसेच. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. सकाळच्या पाळीतल्या सहायकाने एका कळफलकावर नोंद केली आणि दुपारच्याने दुसऱ्यावर, की ओपॅक या संगणकीय तालिकेसमोर बसलेल्या वाचकाला अर्धीच पुस्तके दिसतात. उरलेली कपाटात असूनही नाहीशी होतात. त्यात १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची ‘कांहीं’सारखी रूपे आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या, आज रोमन अक्षरांचा गोंधळ वाटणाऱ्या नोंदी मिळवा. कोहातही हे आपोआप सुटत नाही. देवनागरीचा शोध नीट चालण्यासाठी तिच्या अनुक्रमणिकेची मांडणी जाणीवपूर्वक बदलावी लागते. पण ती बदलता येते, आणि एका ग्रंथालयाने केलेली दुरुस्ती बाकीच्यांना उचलता येते. बंद प्रणालीत आपण फक्त विनंतीपत्र पाठवू शकतो. स्लिम२१ करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला मराठी न्यूझीलंडवाल्यांपेक्षा जास्त कळते हे खरेच, पण दुरुस्ती कधी करायची हे तीच ठरवणार.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप लहान ग्रंथालयांचा आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली चालणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकटा सेवक देवघेव, वर्गणी आणि झाडलोटही पाहतो. त्याने लिनक्सचा सर्व्हर सांभाळावा, असे सांगणे निर्दयपणाचे आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याचे उत्तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने दिले आहे. तिथल्या अडीचशेच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एव्हरग्रीन ही मुक्तस्रोत प्रणाली घडवली गेली आणि २००६ साली ती सगळी तिच्यावर एकत्र चालू लागली. सर्व्हर एका ठिकाणी, तज्ज्ञ एका ठिकाणी, आणि ग्रंथालयात फक्त ब्राउझर किंवा छोटासा प्रोग्रॅम. आपल्याकडे जिल्हा ग्रंथालय संघ आहेतच; हे काम त्यांनी अंगावर घ्यावे.

ते होईपर्यंत कुणी व्यावसायिक प्रणाली घेत असेल, तर त्याला मी चूक म्हणणार नाही. त्याने करारात एक कलम मात्र घालून घ्यावे: सर्व नोंदी दरवर्षी मार्क २१ या प्रमाणित स्वरूपात, आणि सभासद व देवघेव यांची माहिती वाचता येईल अशा स्वरूपात, ग्रंथालयाच्या हाती द्यावी. आणि कागदावर भरवसा ठेवू नये. शीर्षक मार्कच्या २४५व्या क्षेत्रात येते आणि सहज बाहेर पडते. पण दाखल क्रमांक, बारकोड, प्रतींची संख्या हा भाग प्रत्येक प्रणाली आपल्या पद्धतीने ठेवते. कोहात तो ९५२मध्ये असतो. निर्यातीत गळतो तो नेमका हाच भाग. मग पुस्तकांची यादी हाती येते, पण कपाटातली कोणती प्रत कोणती, हे सांगता येत नाही. शंभर नोंदी बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत चढवून पाहायला एक दुपार पुरते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे निकष प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि वर्ष विचारत आले; नोंदी बाहेर निघतात का, हे नाही. ही परीक्षा आपली आपणच घ्यायची आहे.

माझा कौल मुक्तस्रोताकडे आहे, तोही परवान्याचे वाचलेले पैसे माणसांच्या प्रशिक्षणावर खर्चावेत या अटीवर. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. पाहुण्याने यजमानाला द्यायची भेट, असा त्याचा अर्थ आहे आणि त्यात परतफेडीची अपेक्षा गृहीत असते. भारतातल्या कितीतरी ग्रंथालयांनी ही भेट स्वीकारली आहे. आपल्यातल्या ज्यांनी ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’चा गुंता आपल्या ग्रंथालयापुरता सोडवला असेल, त्यांनी ती दुरुस्ती कोहाच्या सामायिक कोडात जमा करावी, अशी माझी या सभागृहाला विनंती आहे.